शेवग्याची पावडर परदेशी पाठवायचीय? आधी ड्रायरचा पाईप बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दोन आठवड्यांपूर्वी तुमच्या रविवारच्या पुरवणीत शेवग्याच्या पावडरीची यशोगाथा आली होती, अर्ध्या पानाचा फोटो, हिरव्यागार पावडरीची बरणी हातात घेतलेलं जोडपं, आणि खाली "आता थेट युरोपच्या बाजारात". वाचून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण त्याच आठवड्यात आमच्या शेजारच्या गावचा एक पोरगा ते कात्रण घडी करून खिशात घालून माझ्याकडे आला आणि म्हणाला, काका, दीड एकर द्राक्षबाग काढतोय, शेवगा लावतो, ड्रायर घेतो, तुम्ही पाठवता ना बाहेर, मला पण लाईन दाखवा. म्हणून हे पत्र लिहायला बसलोय. बातमीत चूक काही नाही, पण त्यात जे आलं नाही ते माझ्याकडे साडेपाच लाखांच्या पावतीसकट आहे.

मी बार्शी तालुक्यातला, 8 वर्षं झाली शेवग्याच्या पानाची पावडर करतोय. आधी पुण्यामुंबईच्या आयुर्वेदिक दुकानांना द्यायचो, मग एका ओळखीतून जर्मनीतला एक खरेदीदार मिळाला. त्याने 2 किलो सॅम्पल मागवलं, रिपोर्ट छान आला, त्याने 400 किलोची ऑर्डर दिली आणि आम्ही घरात पेढे वाटले. ते सॅम्पल कसं केलं होतं सांगू का, बायकोने आणि आईने ताटात एकेक पान निवडून, माडीवर सावलीत फॅनखाली वाळवून, घरच्या चक्कीवर. आणि 400 किलो कसं केलं, तर ड्रायरवर, रात्रंदिवस, तीन पाळ्यांत. म्हणजे पास झालं ते सॅम्पल वेगळं आणि गेला तो माल वेगळा, हे तेव्हा आमच्या डोक्यातच आलं नाही.

आमचा ड्रायर लाकडावरचा. बार्शीकडे तूर किती होते हे सांगायला नको, तुराट्या फुकटात मिळतात, मग डिझेल किंवा वीज कोण जाळतंय. भट्टीत तुराट्या, भट्टीतून लोखंडी पाईप, त्या पाईपभोवती हवा तापते आणि ती ट्रेवरच्या पाल्यावर जाते, धूर मात्र पाईपातून वर चिमणीला. असं असायला पाहिजे. आमच्या पाईपाला मागच्या बाजूला, जिथे कुणी वाकून बघत नाही तिथे, गंजून करंगळी जाईल एवढं भोक पडलं होतं. पाल्याला किंचित धुराचा वास यायचा, आम्हाला वाटायचं वाळलेला पाला असाच वास मारतो.

माल न्हावा-शेवाहून गेला, पोचायला नेहमीपेक्षा पंधरवडाभर जास्त लागला कारण तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जात होती, आणि पोचल्यावर खरेदीदाराने त्याच्या लॅबला परत टेस्ट केली. बेंझोपायरीन निघालं. हे नाव मी तोपर्यंत ऐकलं पण नव्हतं. धूर लागलेल्या, करपलेल्या मालात हे येतं, कॅन्सरशी संबंध असलेलं रसायन आहे, आणि युरोपात वनस्पतीच्या सप्लिमेंटला, म्हणजे जेवणाला पूरक म्हणून घ्यायच्या पावडर-गोळ्यांना, त्याची मर्यादा किलोला 10 मायक्रोग्राम. आमच्यात 23. मायक्रोग्राम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग हो, मी सुरुवातीला भांडलोच की एवढ्याशाने काय होतंय. तो माणूस सभ्य होता, त्याने शांतपणे लिहिलं की दोन मार्ग आहेत, तुमच्या खर्चाने माल परत न्या नाहीतर तुमच्या खर्चाने इथे नष्ट करा. परत आणायचं भाडं आणि नष्ट करायचा खर्च जवळपास सारखाच आला, आणि आणून तरी करणार काय, इथल्या लोकांना खायला घालू? नष्ट केला. माल, भाडं, विल्हेवाट सगळं धरून साडेपाच लाख.

आता यात जर्मनीवाल्याची चूक कुठे? भोक माझ्या पाईपाला होतं. तुमच्या पुरवणीत आणि त्या हॉटेलातल्या एक दिवसाच्या "एक्स्पोर्ट शिका" सेमिनारमधे सगळा जोर कागदांवर असतो, आयईसी म्हणजे आयात-निर्यातीचा नंबर काढा, जीएसटी काढा, अपेडाचं म्हणजे शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेचं रजिस्ट्रेशन करा, मालाच्या प्रकाराचा एचएस कोड बघा, झालं, निघाली गाडी. ते कागद पंधरा दिवसात होतात, त्यात काही राम नाही. माल अडकतो तो आपल्या शेडमधे जे झालंय त्याच्यावरून, बंदरात नुसतं ते उघडकीला येतं.

आणि सगळ्या बाजारांना एकच नियम असं पण नसतं. इथिलीन ऑक्साईडचं घ्या. मसाले आणि वाळलेल्या वनस्पतींमधले जंतू मारायला हा गॅस देतात. अमेरिकेत मसाल्यांना आणि वाळलेल्या पाल्याला हा चालतो, 7 पीपीएमपर्यंत, म्हणजे दहा लाखात 7 भाग, राहिला तरी ओके. युरोपात हा गॅस वापरायलाच बंदी, मसाल्यात 0.1 च्या वर दिसला की संपलं, आणि गॅस उडून गेल्यावर मागे जे दुसरं रसायन उरतं ते पण ते त्याच हिशोबात धरतात, म्हणजे महिनाभर पोती उघडी ठेवून हवा दिली तरी सुटका नाही. 2020 च्या सप्टेंबरात बेल्जियमने आपल्याकडून गेलेल्या तिळात हे पकडलं आणि मग पुढे वर्षभर युरोपात आईस्क्रीमपासून कशाकशातून माल परत मागवले गेले. 2024 च्या एप्रिलमधे हाँगकाँग सिंगापूरवरून मसाल्यांची जी बोंबाबोंब झाली ती याच गॅसवरून. आता समजा तुम्ही पाला कुठल्या तरी मोठ्या प्लांटला स्टरलाईज करायला दिला आणि तिथे विचारलंच नाही की बाबा वाफ देतोस का गॅस, तर तेच पोतं न्यू जर्सीत पास आणि हँबर्गला नापास. आमच्याकडच्या एका मित्राचं अगदी असंच झालं, चलनावर फक्त "स्टरलायझेशन चार्जेस" एवढंच लिहिलेलं.

बरं मग विकिरण करा, म्हणजे किरणांनी जंतू मारा म्हणतात. वाशीला 2000 सालापासून मसाल्यांसाठी प्लांट आहे, लासलगावला कांद्यासाठी आहे, टेक्नॉलॉजी आपलीच आहे, मसाल्याला उत्तम. पण युरोपभर विकिरणाची परवानगी फक्त वाळलेल्या सुगंधी वनस्पती आणि मसाल्यांना आहे, सप्लिमेंटला नाही, आणि जिथे चालतं तिथेही लेबलवर तसं लिहावं लागतं. म्हणजे राहिली वाफ. वाफ द्यायची तर पावडर करायच्या आधी, पाल्यालाच, नाहीतर पावडरीचा शिरा होतो. आणि वाफेने रंग थोडा काळपट होतो, मग खरेदीदार म्हणतो हिरवा रंग कुठे गेला. असं आहे सगळं.

जंतूंबद्दल एक गैरसमज मला स्वतःलाच खूप वर्षं होता म्हणून लिहितो. आपल्याला वाटतं वाळलं म्हणजे निर्जंतुक झालं, लोणच्या-पापडाचं ज्ञान. साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू कोरड्या पावडरीत वाढत नाही हे खरं, पण मरत पण नाही, महिनोन्‌महिने तसाच पडून राहतो, आणि कुणीतरी ती पावडर सकाळी स्मूदीत टाकली, म्हणजे परत शिजवणं नाही काही नाही, की जागा होतो. 2025 च्या ऑक्टोबरात अमेरिकेत नेमकं हेच उघडकीला आलं, लोक आजारी पडले होते, आणि शोधत शोधत तिथले अधिकारी आपल्या देशातून गेलेल्या शेवग्याच्या पानाच्या पावडरीपर्यंत पोचले. तेव्हापासून शेवगा म्हटलं की खरेदीदार आधी साल्मोनेलाचा रिपोर्ट मागतो, मग भाव विचारतो. आणि हा जंतू येतो कुठून, तर पाला धुवायच्या पाण्यातून, पत्र्यावर बसणाऱ्या पारव्यांतून, शेडमधे मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्यांतून, पाला तुडवणाऱ्या अनवाणी पायांतून. आमच्या शेडला आधी दारंच नव्हती. आता जाळी आहे, पायपुसणं आहे, डोक्याला टोप्या आहेत, आणि धुवायचं पाणी विहिरीतून थेट येत नाही, क्लोरीन मारून येतं. कामाला येणाऱ्या बायका सुरुवातीला हसायच्या की पाला काय ऑपरेशनला न्यायचाय का. लॅबला 25 ग्रॅममधे एक पण सापडून चालत नाही, तिथे शून्य म्हणजे शून्य.

आता अमेरिकेचं. आमच्याकडे प्रत्येकाचा कुणी ना कुणी भाचा पुतण्या न्यू जर्सीत नाहीतर टेक्सासला असतो आणि प्लॅन ठरलेला असतो की आपण पाठवायचं, तो उतरवून घेईल आणि तिथल्या देशी दुकानांत ठेवेल. त्या भाच्याला कुणी सांगत नाही की ज्याच्या नावावर माल उतरतो तोच कायद्याने आयातदार, आणि पाठवणाऱ्याचा माल सुरक्षित आहे हे तपासायची, कागदावर दाखवायची जबाबदारी त्याची. 2011 च्या त्यांच्या अन्नसुरक्षा कायद्यातून हे आलंय. उद्या इन्स्पेक्टर आला तर तो विचारणार मामाच्या शेडची तपासणी कशी केलीस, आणि भाचा आयटीत, त्याला साधी शेवग्याची भाजी पण करता येत नाही.

आणि ती फ्रेम! कित्येक ऑफिसांत भिंतीवर सोनेरी बॉर्डरचं "एफडीए सर्टिफिकेट" लावलेलं असतं, गरुडाचा शिक्का वगैरे. मीही लावलं होतं, एका एजंटाला 25 हजार देऊन. (एफडीए म्हणजे अन्न आणि औषध प्रशासन, आपल्या बांद्र्याचं नाही, अमेरिकेचं, कारण आमच्याकडे हा गोंधळ पण होतो.) नंतर कळलं की अमेरिकेच्या एफडीएकडे फूड युनिटची नोंदणी करावी लागते हे खरं, पण ती फुकट आहे, ती दर सम वर्षी ऑक्टोबर ते डिसेंबरात रिन्यू करावी लागते, आणि एफडीए असलं कुठलंही सर्टिफिकेट देतच नाही. ती फ्रेम एजंटाच्या प्रिंटरवरची. नोंदणी म्हणजे मंजुरी पण नव्हे. 1994 च्या त्यांच्या सप्लिमेंटच्या कायद्याप्रमाणे सप्लिमेंटला बाजारात यायच्या आधी एफडीएची मंजुरी लागतच नाही, विकणाऱ्याने स्वतःच्या जबाबदारीवर विकायचं. मग "एफडीए अप्रूव्हड" असं छापणारे कुठलं अप्रूव्हल दाखवतात देव जाणे. मागच्या वर्षी दिवाळीत साफसफाई करताना मी ती फ्रेम काढली, आता त्यात आजोबांचा फोटो आहे.

लेबलचं सांगायचं तर आपली सवयच अशी की डब्यावर शुगर, बीपी, सांधेदुखी, केस गळणे, सगळं एकाच ओळीत. अमेरिकेत सप्लिमेंटच्या डब्यावर रोग बरा होतो असं लिहिलं की ते कायद्याच्या दृष्टीने औषध झालं, परवानगी नसलेलं औषध. हाडांच्या आरोग्याला मदत करते इतपत लिहिता येतं, त्याखाली हे विधान एफडीएने तपासलेलं नाही ही पट्टी छापायची, आणि 30 दिवसांत त्यांना कळवायचं. युरोपात त्याहून कडक. माझ्या मेव्हण्याने हौसेने लेबलवर "300 रोगांवर एकच उपाय" टाकलं होतं, मी प्रिंटिंगच्या आधी थांबवलं म्हणून वाचलो, त्याला अजून राग आहे.

आणि जड धातू. इथे मला जे गणित उशिरा कळलं ते मांडतो कारण पावडरवाल्यांना हेच जास्त बाधतं. युरोपात सप्लिमेंटमधे शिसं किलोला 3 मिलिग्रॅमपर्यंत चालतं. आमच्या पावडरीत 0.5 निघालं, म्हणजे सहावा हिस्सा, आम्ही खूष. पण कॅलिफोर्नियात 1986 चा एक कायदा आहे, तो किलोवर मोजत नाही, माणसाच्या रोजच्या डोसवर मोजतो, दिवसाला शिसं 0.5 मायक्रोग्रामच्या वर गेलं तर डब्यावर इशारा छापा. आता कॅप्सूलवाला अर्ध्या ग्रॅमची कॅप्सूल देतो, त्यात आमची पावडर भरली तर पाव मायक्रोग्राम, तो सुटला. आणि पावडरवाला म्हणतो रोज दोन चमचे घ्या, 10 ग्रॅम, म्हणजे 5 मायक्रोग्राम, दहापट. माल तोच, शेत तेच, फक्त चमचा मोठा. माल जप्त होत नाही त्यात, पण इशारा नसला तर तिथे खाजगी वकील सुद्धा नोटीस काढू शकतात आणि दुकानदार घाबरून ऑर्डरच देत नाही. आणि शिसं काही चक्कीतून किंवा खतातूनच येतं असं नाही, रस्त्याकडेची जुनी माती, पानावर बसलेली धूळ, हे पण असतं. आम्ही हायवेला लागून असलेल्या चार ओळींचा पाला आता पावडरीला घेत नाही, शेळ्यांना... नाही, शेळ्यांना पण नाही घालत, तसाच राहतो.

अख्ख्या युरोपात एकच नियम असंही धरू नका. 2023 मधे डेन्मार्कने अश्वगंधावर बंदी घातली, शेजारच्या देशांत ती विकली जात असताना. आपल्या विदर्भात, मध्य प्रदेशच्या सीमेवर अश्वगंधा लावलेले लोक आहेत, त्यांना कुणी फोन करून सांगितलं असेल असं मला वाटत नाही.

हे सगळं वाचून वाटेल हा माणूस बाहेर पाठवूच नका म्हणतोय. तसं नाही, मी अजून पाठवतो. पाईप बदलला, मग भट्टीच काढली, आता सोलर आणि ढगाळ दिवसांत वीज. लाईट बिल बघून पोटात गोळा येतो पण धुराचा वास गेला. प्रत्येक लॉटला नंबर, कुठल्या शेतातला पाला, कुठल्या दिवशी कापला, कुणी वाळवला, सगळं वहीत, आणि सॅम्पल लॅबला देताना एका पोत्याच्या तोंडावरचं न देता पाच पोत्यांतून, वरून मधून खालून परखीने काढून. भुसार मार्केटचा हमाल ज्या परखीने पोत्यातनं हरभरा काढतो तीच, फक्त स्टीलची आणि धुतलेली.

पण एका लॉटचा सगळा रिपोर्ट, म्हणजे कीटकनाशकं, धातू, जंतू, गॅस, धूर, हे सगळं करायला मला 20 हजाराच्या आसपास पडतात, आणि मोठा कंपनीवाला 10 टनाच्या लॉटला पण जवळपास तेवढेच देतो. त्याला किलोला 2 रुपये, मला 400 किलोला भागून 50 रुपये. लहान माणूस इथेच मार खातो, आणि मग तो टेस्ट न करताच पाठवतो, आणि तो पकडला गेला की देशाचं नाव जातं आणि पुढच्या दोन वर्षांत आमच्या सगळ्यांच्या मालावर तपासणी वाढते. पीएमएफएमई या केंद्राच्या छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांच्या योजनेत मशीनला 35 टक्के सबसिडी ठेवली, 10 लाखांपर्यंत, चांगली गोष्ट आहे, मीही घेतली. पण गावोगाव ड्रायर झाले आणि वाफेचा प्लांट जिल्ह्यात एक नाही, मग काय उपयोग. जिल्ह्याला एक कॉमन स्टीम युनिट, आणि 10-12 उत्पादकांनी एकाच पद्धतीने केलेला माल एकत्र लॉट करून एकच टेस्ट, एवढं जरी शेतकरी कंपन्यांनी, कृषी विभागाने मनावर घेतलं तर खूप होईल. आम्ही चौघांनी सुरू केलंय तसं, पण एकाने कामाच्या घाईत रस्त्याकडेचा पाला घातला की चौघांचा लॉट जातो, त्यामुळे सध्या भांडणं जास्त आणि लॉट कमी असं चाललंय.

तुमच्याकडे एवढीच विनंती आहे की पुढच्या वेळी असली यशोगाथा छापताना त्या जोडप्याला दोनच प्रश्न विचारा, माल कुठल्या लॅबला तपासता आणि मागच्या वेळी काय निघालं. ते खरंच पाठवत असतील तर त्यांना आनंदाने सांगता येईल, रिपोर्ट दाखवतील सुद्धा. आणि पाठवत नसतील तर ते पण कळेल.

त्या पोराला मी द्राक्षबाग एवढ्यात काढू नको म्हणालोय. रविवारी परत येणारे तो. भोक पडलेला तो जुना पाईप मी भंगारात दिलेला नाही, शेडच्या दाराशी टेकवून ठेवलाय, त्याला करंगळी घालून बघ म्हणणार आहे.

आपला,
एक शेवगा पावडरवाला
ता. बार्शी, जि. सोलापूर